परसातल्या वांग्याला शेतातले ‘औषध’ नको

गावाकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. फवारणीला जाणारा माणूस ‘औषध मारायला’ जातो आणि कृषी सेवा केंद्रात ‘औषध’ मागितले जाते. शब्द इतका रुळला आहे की बाटलीत विष असते, हे बोलताना कोणाच्या मनातही येत नाही. पण औषध देण्याआधी रोग ओळखावा लागतो, रोग्याचे वय आणि वजन पाहावे लागते, मात्रा मोजावी लागते. परसबागेतल्या किडीच्या बाबतीत यातले सहसा काहीच होत नाही. “भाऊ, वांग्याला कीड पडलीय, काहीतरी जोरदार द्या,” एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. कोणती कीड, झाडे किती, भाजी कधी तोडणार, घरात लहान मूल आहे का, हे विचारले जात नाही आणि सांगितलेही जात नाही.

शेतकरी कुटुंबात तर दुकानापर्यंतही जावे लागत नाही. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी आणलेल्या बाटलीत दोन बोटे औषध उरलेले असते. पंपाच्या तळाशी थोडे पाणी शिल्लक असते. ते ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून परसातल्या मिरचीवर, वालाच्या वेलावर, कढीपत्त्यावर मारले जाते. म्हणजे घरच्या भाजीवर कोणते कीटकनाशक पडणार, हे किडीवरून ठरत नाही. ते काय उरले आहे यावरून ठरते. परसबागेतली सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि ती सुधारायला पैसाही लागत नाही.

राळेगणसिद्धीसारख्या गावाला ही गोष्ट अधिक लागू पडते. अवर्षणप्रवण पारनेर तालुक्यातले हे गाव. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले आणि त्यानंतरच्या काळात श्रमदानातून नाला बांध, पाझर तलाव, समतल चर झाले. वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरले, विहिरींना पाणी टिकू लागले, दुसरे पीक शक्य झाले, कांद्याला आणि भाजीपाल्याला बळ मिळाले. ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचित बोलली जाते. गावात पडलेले पाणी गावातच मुरवायचे ठरवले, की त्या पाण्यात मिसळणारे जे काही असेल तेही गावातच राहते. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके पाण्यात विरघळतात आणि जमिनीत बराच काळ टिकून राहू शकतात. परस हा तर घराच्या, हौदाच्या, अनेकदा विहिरीच्याही सर्वांत जवळचा तुकडा. तिथे ओतलेले विष फार लांब जात नाही.

शेत आणि परस यांत फरक आहे

‘शेतात तेच मारतो, बाजारातून आणलेल्या भाजीवरही तेच असते, मग परसात काय बिघडले?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. पहिला फरक तोडणीचा. प्रत्येक नोंदणीकृत कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे, हे पीकनिहाय लिहिलेले असते. शेतात कांदा एकदाच काढला जातो. तिथे हे अंतर पाळता येते. परसात सकाळी फवारलेल्या झाडाची चार वांगी संध्याकाळी चुलीवर असतात. कढीपत्त्याची डहाळी तर फोडणी तडतडत असताना तोडली जाते. रोज तोडणी असलेल्या झाडावर सात किंवा दहा दिवसांचे अंतर पाळायचे म्हणजे तेवढे दिवस त्या झाडाला हात न लावणे. हे ज्या घरात शक्य नाही, त्या घराने ते कीटकनाशक वापरणेच चुकीचे आहे.

दुसरा फरक कीटकनाशकाच्या जातीचा. काही कीटकनाशके स्पर्शजन्य असतात. ती पानाच्या पृष्ठभागावर राहतात. काही आंतरप्रवाही असतात. ती पानातून किंवा मुळातून झाडाच्या रसात शिरतात आणि रस शोषणारी कीड तो रस पिऊन मरते. मावा-तुडतुड्यांसाठी शेतात वापरली जाणारी अनेक औषधे या दुसऱ्या प्रकारची आहेत. भाजी मिठाच्या पाण्यात कितीही धुतली तरी आत शिरलेला अंश धुऊन निघत नाही. ‘स्वच्छ धुऊन घेतो’ हा दिलासा इथे खोटा ठरतो.

तिसरा फरक मात्रेचा. बाटलीवरचे प्रमाण एकरावर किंवा हेक्टरवर दिलेले असते. ते पंधरा-सोळा लिटरच्या पंपाला लावताना शेतकऱ्याचा हात बसलेला असतो, पण पाच झाडांसाठी लिटरभर द्रावण करताना मोजमाप सुटते. लिटरला एक-दोन मिलिलिटर लागणारे औषध ‘एक झाकण’ म्हणून ओतले जाते आणि मात्रा सहज चार-पाच पट होते. जास्त मात्रेने कीड जास्त मरते असे नाही. पाने करपतात, किडीचे शत्रू मरतात आणि हाताळणाऱ्याच्या अंगावर जास्त विष येते.

चौथा फरक हिशेबाचा. शेतकऱ्याच्या शेतात कर्ज गुंतलेले असते. आठवडाभर उशीर झाला तर हंगाम जातो. त्याने फवारणी करावी की नाही, हा नुकसानीच्या पातळीवर ठरणारा निर्णय असतो. परसात दोन वांगी किडली तर दोन वांगी जातात. तेवढ्यासाठी सर्वांत जहाल बाटली उघडणे हा कोणत्याही हिशेबात न बसणारा सौदा आहे.

आधी कीड ओळखा

कोणते कीटकनाशक निवडावे, हा खरे तर तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ही कीडच आहे का? भोपळ्याच्या पानावर पांढरी पूड पडली असेल तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. तिच्यावर कीटकनाशक कितीही मारले तरी फरक पडणार नाही. लिंबाची पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर बहुधा अन्नद्रव्याची कमतरता आहे. दुपारी कोमेजून संध्याकाळी ताठ होणारे झाड फक्त तहानलेले असू शकते.

कीडच असेल, तर दुसरा प्रश्न, कोणती? ओळखायला पांढरा कागद आणि साधे भिंग पुरते. शेंडा कागदावर झटकला की काय पडते ते दिसते. मिरचीची पाने चुरडा-मुरडा झाली असतील, तर ती कोणत्या बाजूला वळली आहेत ते पाहावे. वरच्या बाजूला वळलेली पाने बहुतेकदा फुलकिड्यांचे लक्षण, खालच्या बाजूला वळलेली कोळ्यांचे. हा फरक क्षुल्लक नाही. कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो गोचिडाच्या गोतातला. अनेक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या फवारणीनंतर कोळी वाढल्याचे अनेकदा दिसते, कारण कोळ्यांना खाणारे मित्रकीटक त्या फवारणीत आधी मरतात. गुलाबावर लाल कोळी असताना घरातले मावा मारण्याचे औषध फवारणारा माणूस कोळ्यांचीच सोय करत असतो.

जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक कीटक गर्दी करून बसले आणि पाने चिकट झाली तर मावा. पान हलवताच पांढरा धुरळा उडाला तर पांढरी माशी. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो, तेव्हा आत शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले आणि ते हलले, तर ती फुलपाखराची अळी. या प्रत्येक किडीचा उपाय वेगळा आहे, आणि यांतल्या निम्म्यांना विकतचे काहीही लागत नाही.

लिंबावरच्या अळ्या हाताने वेचता येतात. वांग्याचा मान टाकलेला शेंडा किडलेल्या भागाच्या थोडे खाली कापून नष्ट केला, की आतली अळी त्याबरोबर जाते. आठवड्यातून दोनदा हे केले तर प्रादुर्भाव आटोक्यात राहतो. तो शेंडा झाडाखालीच टाकला तर मात्र अळी बाहेर पडून पुन्हा कामाला लागते. मावा आणि कोळी पानाच्या खालच्या बाजूवर जोरदार पाण्याची धार मारल्याने बरेच कमी होतात. पांढरी माशी पिवळ्या चिकट सापळ्यावर, फुलकिडे निळ्या सापळ्यावर अडकतात. मावा आणि पिठ्या ढेकणाबरोबर मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करावा लागतो. या किडी गोड चिकट द्रव टाकतात, मुंग्यांना तो हवा असतो आणि त्या बदल्यात मुंग्या किडीच्या शत्रूंना हुसकावतात. त्याच चिकट थरावर पुढे काळी बुरशी चढते. ती पुसत बसण्यापेक्षा मूळ कीड पाहावी.

कडुनिंब, साबण आणि त्यांच्या मर्यादा

एवढ्याने भागले नाही तर फवारणीचा विचार करावा, आणि तो सौम्य टोकाकडून सुरू व्हावा. मऊ अंगाच्या किडींवर सौम्य द्रव साबणाचे पाणी, लिटरला सुमारे पाच मिलिलिटर, थेट किडीच्या अंगावर पडले तर उपयोगी ठरते. कपड्याच्या धुण्याची पावडर जास्त घातली की पाने करपतात. म्हणून आधी दोन पानांवर करून पाहावे. निंबोळी अर्काचे प्रमाण सर्वमान्य आहे. पाच टक्के अर्कासाठी पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, थोडा साबण मिसळायचा आणि एकूण एक लिटर द्रावण करायचे. तयार निंबोळी तेल वापरायचे तर लिटरला तीन ते पाच मिलिलिटर, साबण मिसळूनच. नाहीतर तेल वर तरंगते.

‘निंबोळी अर्काने काही होत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिच्यामागे बहुतेकदा चुकीची अपेक्षा असते. निंबोळीतले अझाडिराक्टीन किडीला जागच्या जागी मारत नाही. ते तिची भूक मोडते आणि कात टाकण्यात अडथळा आणते. किडे दुसऱ्या दिवशीही झाडावर दिसतात, पण खाणे आणि वाढणे कमी झालेले असते. उन्हात हा घटक लवकर निष्प्रभ होतो. म्हणून फवारणी संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी आणि आठवड्याने पुन्हा करावी लागते. अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी या जिवाणूची भुकटी मिळते. ती अळीने खाल्ली तरच काम करते आणि माव्यावर तिचा काही उपयोग नाही. रस शोषणाऱ्या किडींसाठी व्हर्टिसिलियमसारख्या बुरशीची उत्पादने आहेत. त्यांना हवेत ओल लागते. पारनेरच्या चैत्र-वैशाखातल्या कोरड्या उन्हात ती मारून फळाची अपेक्षा करणे व्यर्थ. पावसाळी दमट हवेत तीच बुरशी चांगले काम करते.

मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ हा समज या विषयातला दुसरा मोठा धोका आहे. तंबाखूचा काढा घरगुती उपाय म्हणून सर्रास सुचवला जातो. त्यातले निकोटीन हे तीव्र विष आहे, ते कातडीतूनही शरीरात जाते. निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात बंदी आहे. राळेगणसिद्धीच्या तरुणांनी एकेकाळी विडी-सिगारेट-तंबाखूची होळी केली आणि गावातली विक्री थांबवली. ज्या कारणासाठी तंबाखू दुकानातून गेली, त्याच कारणासाठी ती फवारणीच्या बादलीतूनही जायला हवी. दशपर्णी अर्काबाबतही सावधगिरी हवी. त्यात कडुनिंब, करंज, निर्गुडी यांच्याबरोबर कण्हेर आणि धोतराही घातला जातो. या दोन्ही वनस्पती विषारी आहेत. शिवाय त्यात शेण आणि गोमूत्र असते. तो अर्क कोथिंबीर, मेथी, पालक यांच्यासारख्या, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर मारणे म्हणजे पोटाच्या जंतूंना आमंत्रण. निंबोळी तेलसुद्धा लहान मुलाच्या पोटात गेले तर गंभीर विषबाधा होऊ शकते. घरी केलेल्या अर्काच्या बाटलीवरही नाव लिहावे आणि ती उंचावर, कुलपात ठेवावी.

रसायन न वापरताही मोठी कीड आटोक्यात येते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मध्य अमेरिकेतला. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि पुढे पुणे परिसरातल्या बागांपर्यंत आला. अंगावर मेणाचा थर असल्याने फवारणी त्याला नीट लागत नव्हती. २०१० मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाई ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि कीड झपाट्याने ओसरली. ज्या बागांत जहाल फवारणी चालू राहते, तिथे असे मित्रकीटक तग धरत नाहीत. परसातही हेच घडते. माव्याच्या गर्दीत लाल-काळे ढालकिडे किंवा त्यांच्या काळपट अळ्या दिसल्या, तर चार दिवस हात आखडता घ्यावा. त्या अळ्या दिसायला कुरूप असतात, म्हणून त्यांनाच कीड समजून मारले जाते.

बाटलीवरचा त्रिकोण

तरीही कधी विकतचे रासायनिक कीटकनाशक घेण्याची वेळ येईल. तेव्हा निवड रंगापासून सुरू करावी. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. त्यांनुसार प्रत्येक वेष्टनावर रंगीत त्रिकोणाचे चिन्ह असते. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या बाटलीला परसबागेत जागा नाही, हा साधा नियम प्रत्येक घराने करावा. हिरवा रंग पाहूनही गाफील राहू नये. हा रंग माणसाला होणाऱ्या तत्काळ विषबाधेविषयी सांगतो. मधमाश्या, मासे किंवा विहिरीचे पाणी यांच्याविषयी काही सांगत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर मधमाश्यांच्या कारणाने बंद केला. भोपळा, दोडका, कारले यांना फळ धरायला परागीभवन करणारे कीटकच लागतात. फुलोऱ्यावर सकाळी विष फवारायचे आणि नंतर ‘फळच धरत नाही’ म्हणून हळहळायचे, यात अर्थ नाही.

रंगानंतर पिकाचे नाव पाहावे. ज्या पिकासाठी आणि किडीसाठी कीटकनाशकाची नोंदणी आहे, ती नावे माहितीपत्रकात असतात. कापसासाठी नोंदलेले औषध भेंडीवर मारणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय भेंडीत किती दिवस अंश राहतो याची माहितीही त्या पत्रकात नसते. डास-झुरळांचा फवाराही झाडासाठी नाही. त्यातल्या द्रावकाने पाने जळतात आणि खाण्याच्या झाडावर तो मारायचाच नसतो.

घरातल्या फडताळातल्या जुन्या बाटल्या आणि पुड्या हा आणखी एक प्रश्न. बीएचसी पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. मिथिल पॅराथिऑन आणि कार्बारिल २०१८ मध्ये बंद झाले. ‘थिमेट’ म्हणून गावोगावी माहीत असलेले फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ही दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५ पासूनच मनाई होती. दुकानातून या गोष्टी जातात, पण गोठ्याच्या आढ्यातून जात नाहीत. कुंडीत हुमणी झाली की आजोबांच्या काळातली थिमेटची पुडी निघते. अशी पुडी वापरण्याची गोष्ट नाही. ती कृषी सहायकाला विचारून योग्य रीतीने नष्ट करण्याची गोष्ट आहे.

या सगळ्याला घाबरवणे म्हणता येणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. तोंडाला फडके, अंगात रोजचेच कपडे, दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि डोक्याएवढी वाढलेली कपाशी, असे ते चित्र होते. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतल्या माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली; स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. विष आणि अन्न एकाच घरात, एकसारख्या भांड्यांत राहिले की काय होते, याचे याहून कठोर उदाहरण नाही. महाराष्ट्रात आज शाळाशाळांत पोषण आहारासाठी परसबागा लावल्या जातात. त्या बागांत लाल-पिवळ्या त्रिकोणाची बाटली जाणार नाही, एवढी हमी तरी मुलांना मिळायला हवी.

म्हणून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कीटकनाशक काढून देणे-घेणे बंद व्हावे. मूळ वेष्टनातून औषध बाहेर आले की नाव, रंग, मात्रा, उतारा ही सगळी माहिती मागे राहते. विषबाधेचा संशय आला तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, उलटी करवू नये, १०८ ला फोन करावा आणि मूळ बाटली डॉक्टरांकडे न्यावी. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची लक्षणे आहेत. बाटलीवरचे नाव कळले तर उताऱ्याचे उपचार लवकर सुरू होतात. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. जहाल बाटली घरात नसण्याचा आणखी एक फायदा आहे, तो बोलायला अवघड असला तरी महत्त्वाचा आहे. निराशेच्या एका क्षणी हाताशी विष नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. मन खचलेल्या कोणालाही ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

दोष फक्त घरच्यांच्या माथी मारून चालणार नाही. पाच झाडांच्या परसासाठी दुकानात शेतापुरती बाटली मिळते, मग उरलेले कुठे जाणार? माहितीपत्रकावर मराठी असते, पण अक्षर इतके बारीक की चष्म्यानेही वाचता येत नाही. कृषी विभागाचा सल्ला एकरात असतो, कुंडीत नसतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांनी परसबागेसाठी लिटरमागे मात्रा सांगणारे, चित्रांसह एक पानी तक्ते गावोगावी लावले, तर मोठे काम होईल. निंबोळी अर्क, बीटी, चिकट सापळे लहान पुड्यांत मिळाले आणि दुकानदाराने ‘कोणते पीक, कोणती कीड?’ एवढे दोन प्रश्न विचारायची सवय लावली, तर निम्मी चुकीची विक्री आपोआप थांबेल.

गावाने काही ठरवायचे असेल तर राळेगणसिद्धीकडे त्याचा दाखला आहे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी यांसारखे निर्णय या गावाने स्वतःवर लादून घेतले आणि पाळले. त्या यादीत आणखी एक छोटा ठराव सहज बसेल. शेतातले उरलेले औषध परसात मारायचे नाही, ते दुसऱ्या बाटलीत काढायचे नाही, आणि बंदी असलेल्या जुन्या पुड्या-बाटल्या वर्षातून एकदा एकत्र करून कृषी विभागाच्या हवाली करायच्या. असा ठराव ग्रामसभेत एका बैठकीत होऊ शकतो. पाळायला पाणी अडवण्याइतके श्रमही लागणार नाहीत, आणि ज्या विहिरींसाठी ते श्रम केले गेले, त्यांचे पाणी पुढच्या पिढीला पिण्याजोगे राहील.